ब्रिक लेनवरची पाच बिऱ्हाडं

आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सहाला फुलं येतात, साडेसहाला सुविचार, आणि सात वाजले की काका सुरू होतात. (तुमच्याकडेही असे एक काका असणारच. नसतील तर तुम्ही ग्रुप म्यूट करून विसरलायत!)

२०२४चा फेब्रुवारी. नाशिकमध्ये सकाळचे सात म्हणजे माझ्याकडे, लंडनमध्ये, रात्रीचा दीड. शुक्रवारची रिलीज नाइट होती. ऑफिसात आम्ही चौघं, गारढोण पिझ्झा आणि ९२ टक्क्यांवर रुसून बसलेलं डिप्लॉयमेंट. फोन थरथरला. काकांनी फोटो टाकला होता. तपकिरी विटांची जुनी इमारत, शेजारी स्टीलचा चकचकीत मनोरा, टोकाला चंद्रकोर. खाली नेहमीचा मजकूर. लंडनमध्ये चर्चची मशीद झाली, अशा इतक्या इतक्या झाल्या, आता तरी जागे व्हा, दहा जणांना पाठवा.

मी जागाच होतो. आणि गंमत म्हणजे ती इमारत मला पाठ होती!

माझ्या डेस्कपासून चालत दहा मिनिटं. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या बाजूने ब्रिक लेनला जेवायला जाताना आठ महिने मी तिच्याच कोपऱ्यावर वळत होतो. (ब्रिक लेनवर 'इंडियन' म्हणून जे मिळतं ते नाशिकच्या माणसाने मिसळीची शपथ घेऊन विसरावं. पण घरच्या वरणभाताची आठवण अनावर झाली की माणूस काहीही खातो.) शुक्रवारी दुपारी तिथे फुटपाथपर्यंत गर्दी असायची. ती मशीद आहे, एवढं मला ठाऊक होतं. ती आधी चर्च होती हे मला कोणी सांगितलं? नाशिकहून काकांनी!

काकांबद्दल थोडं सांगायला हवं. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर नोटांच्या हिशेबात घालवल्यामुळे आकड्याला पक्के. मला पाढे त्यांनी शिकवले, सायकल त्यांनी शिकवली, गंगेवर पोहायला त्यांनीच ढकललं. त्यामुळे 'काका, हे फेक आहे' असं लिहून मोकळं होणं मला जमणार नव्हतं. आणि फेक नव्हतंही ना ते! चर्चची मशीद झाली होती, हे खरंच होतं. प्रश्न एवढाच की कशी झाली?

शनिवारी दुपारी उठलो आणि तिकडे गेलो.

ब्रिक लेन आणि फोर्निए स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. चर्च म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर घंटा, क्रॉस, टोकदार शिखर येतं, तसलं काहीच नाही. सरळसोट, एखाद्या जुन्या शाळेसारखी. उंच कमानदार खिडक्या आणि फोर्निए स्ट्रीटच्या बाजूला, छपराखालच्या त्रिकोणात, एक सूर्यघड्याळ. त्यावर साल कोरलंय १७४३, आणि लॅटिनमधले दोन शब्द. अर्थ : आपण सावली आहोत. लंडनच्या फेब्रुवारीत सूर्यघड्याळ म्हणजे विनोदच आहे, सावली पडायलाही ऊन लागतं. पण मी त्या दोन शब्दांखाली बराच वेळ उभा राहिलो, हे कबूल करतो.

हे चर्च बांधलं ते फ्रान्समधून पळून आलेल्यांनी. ह्युगनो म्हणतात त्यांना. फ्रान्समधले प्रोटेस्टंट. तिथला राजा चौदावा लुई याने १६८५ साली त्यांना असलेलं धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण काढून घेतलं. मग मिळेल त्या बोटीने ही मंडळी बाहेर पडली. सुमारे पन्नास हजार इंग्लंडला आली असं मानतात. त्यातले रेशीम विणणारे लंडनच्या भिंतीबाहेर, स्पिटलफील्ड्सला स्थिरावले. फोर्निए स्ट्रीटच्या घरांना आजही छपराशी रुंद खिडक्या दिसतात, मागावर भरपूर उजेड पडावा म्हणून. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे येवल्याची पैठणी आहे. आणि मालेगावला माग घेऊन आलेले मोमीन विणकर? तेही १८५७च्या धामधुमीनंतर उत्तरेतून घरदार सोडून आलेलेच. विणकर पळतो तेव्हा बरोबर फारसं नेता येत नाही, पण हात घेऊन जातो.

तर या विणकरांनी १७४३-४४ मध्ये आपलं देऊळ, म्हणजे चर्च बांधलं. नाव काय, तर 'नवं चर्च'. (पुण्यातल्या नव्या पेठेसारखंच. नवं म्हणायचं आणि तीनशे वर्षं तसंच चालवायचं.)

आमचा वाडा भद्रकालीकडच्या एका बोळात होता. त्यात पाच बिऱ्हाडं. एक बिऱ्हाड हललं की दुसरं यायचं. भिंतीवरची कॅलेंडरं बदलायची, फोडणीचा वास बदलायचा, जिना तोच. या इमारतीचा इतिहास वाचायला लागलो तर मला आमचा वाडाच आठवला. इथेही मोजून पाच बिऱ्हाडं झाली!

पहिलं बिऱ्हाड विणकरांचं, ते जवळजवळ साठ-पासष्ट वर्षं टिकलं. मग मुलं-नातवंडं इंग्रज झाली. फ्रेंच प्रवचन कळेनासं झालं. रेशमाचा धंदा बसायला लागला आणि लोक पांगले. १८०९ साली दुसरं बिऱ्हाड आलं, ज्यू लोकांना ख्रिस्ती करून घेण्यासाठी काढलेली एक संस्था. त्यांची डाळ काही शिजली नाही. दहा वर्षांत गाशा गुंडाळला. १८१९ला तिसरं बिऱ्हाड, मेथडिस्ट पंथाचे लोक. हे मात्र शांतपणे पाऊणशे वर्षं राहिले.

आणि मग १८९८. ज्या ज्यूंना ख्रिस्ती करायला म्हणून दुसरं बिऱ्हाड आलं होतं, त्याच ज्यूंनी ती इमारत घेऊन तिचं सिनेगॉग केलं! आता ज्यू लोक इथे कुठून आले? रशियातून. १८८१ मध्ये तिथल्या झारचा खून झाला, त्यानंतर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. बोटी भरभरून माणसं लंडनच्या गोदीवर उतरली आणि गोदीपासून चालत जाता येईल अशा या स्वस्त भागात राहिली. धंदा? कपडे शिवणं. रेशीम गेलं, शिलाई आली. या सिनेगॉगचं नाव स्पिटलफील्ड्स ग्रेट सिनेगॉग. अतिशय कडक, सोवळ्यातली मंडळी होती ती.

ब्रिक लेनच्या दुसऱ्या टोकाला 'बेगेल बेक' नावाचं दुकान आहे. चोवीस तास उघडं. रिलीज नाइटनंतर पहाटे चारला तिथे रांगेत उभं राहून गरम बेगेल खाण्यासारखं सुख नाही. ते त्या चौथ्या बिऱ्हाडाच्या मागे राहिलेल्या वासासारखं आहे. माणसं गेली, फोडणी राहिली. ती माणसं गेली कुठे? पैसा आला, मुलं शिकली, उत्तर लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीनसारख्या ऐसपैस भागात बंगले घेतले. (आपण कॉलेज रोड, गंगापूर रोडला गेलो ना, तस्सं.) सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला माणसं जमेनात. शेवटी सिनेगॉगही त्यांच्यामागोमाग गोल्डर्स ग्रीनला गेलं.

आणि १९७६ साली पाचवं बिऱ्हाड. बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले लोक. त्यांचे बापजादे जहाजांवर कोळसा लोटायचं काम करणारे खलाशी. मागून आलेले शिलाई मशिनवर बसले. चामड्याची जॅकेट्स शिवायची, तीही ज्यू शिंप्यांनी सुरू केलेल्या धंद्यात, त्याच गल्ल्यांमधून. त्यांनी ती रिकामी पडलेली इमारत विकत घेतली आणि मशीद केली. जमे मशीद. कोणी चर्च पाडलं नाही, कोणी पाद्र्याला हाकललं नाही. ख्रिस्ती लोक तिथून जाऊन तेव्हा पाऊणशेहून जास्त वर्षं झाली होती!

आमच्या टीममधला एक मुलगा, जन्म लंडनचाच, आजोबा सिल्हेटचे, त्या शनिवारी दोन नमाजांच्या मधल्या वेळात मला आत घेऊन गेला. बूट काढले. गालिचावर पाय टेकवले. उंच खिडक्यांतून लंडनचा तो कंजूष उजेड आत येत होता. दोन म्हातारे भिंतीला टेकून बसलेले, एक जण चक्क डुलकी काढत होता. मी ज्यासाठी गेलो होतो, म्हणजे चर्चच्या खुणा शोधायला, त्या काही सापडेनात. आणि मग लक्षात आलं, की त्या पहिल्यापासूनच नव्हत्या!

हे जरा नीट सांगतो, कारण मला सगळ्यात इंटरेस्टिंग तेच वाटलं. ह्युगनो हे कॅल्व्हिनच्या विचारांचे. त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, संतांची चित्रं नाहीत, सोन्याचा झगमगाट नाही. बसायला जागा, बोलायला उंचावरची जागा, वाचायला उजेड, संपलं. सिनेगॉगलाही मूर्ती चालत नाही. मशिदीला तर नाहीच नाही. म्हणजे पाचही बिऱ्हाडांना भिंतीवरून काही खरवडून काढावं लागलं नाही. बाकं हलवा, गालिचा घाला, तोंड कोणीकडे करायचं ते ठरवा. विणकरांनी नकळत अशी इमारत बांधून ठेवली होती की ती कुणालाही देता यावी. आज ती संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे बाहेरून फारसा हात लावता येत नाही. सूर्यघड्याळही तिथेच आहे. २००९-१०च्या सुमारास बाजूला तो सुमारे नव्वद फुटी स्टीलचा मनोरा उभा राहिला. मला विचाराल तर तो शोभत नाही. एखाद्या मॉलच्या दाराशी असल्यासारखा वाटतो. पण रात्री त्यावर रंग बदलणारे दिवे लागतात आणि ब्रिक लेनवरची पोरं त्याखाली सेल्फी काढतात, तेव्हा माझ्या मताला कोण विचारतो!

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र समजू नका. प्रत्येक बिऱ्हाडाला शेजाऱ्यांनी शिव्याच घातल्यात. फ्रेंच विणकर आले तेव्हा आमची कामं पळवली म्हणून, ज्यू आले तेव्हा घाण करतात म्हणून, आणि सिल्हेटी आले तेव्हा तर रक्त सांडलं. ४ मे १९७८ला आल्ताब अली नावाचा चोविशी-पंचविशीतला शिलाई कामगार कामावरून घरी जाताना जवळच भोसकला गेला. कारण एकच, तो गोरा नव्हता. त्याची शवपेटी घेऊन सुमारे सात हजार लोक ब्रिक लेनपासून पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. आज त्याच्या नावाने तिथे बाग आहे. आणि ती बाग कुठली माहितीये? ज्या पांढऱ्या चर्चवरून व्हाइटचॅपल हे नाव पडलं, त्या सेंट मेरी चर्चचं आवार. ते चर्च १९४०च्या बॉम्बवर्षावात गेलं. ते कुणाचं काहीच झालं नाही. गवतात नुसत्या पायाच्या रेघा राहिल्यात. मी तिथे बाकावर बसून बेगेल खात काकांना मेसेज टाइप करायला घेतला.

चांगला लांबलचक लिहिला. पाच बिऱ्हाडं लिहिली. विकत घेतलं, बळकावलं नाही, हे ठळक अक्षरात लिहिलं. आणि शेवटी माझा हुकमी एक्का टाकला. १९७० साली लंडनच्या इझ्लिंग्टन भागात स्वामीनारायण मंडळींनी इंग्लंडमधलं आपलं पहिलं मंदिर केलं, तेही एका बंद पडलेल्या चर्चमध्येच! मग त्याचा फोटो कोणी का नाही फॉरवर्ड करत? जाता जाता नाशिकचाही दाखला दिला. नाशिकहून लंडनला येणारा मी काही पहिला नाही. शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची, त्यातला जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंगस्टनचं शव घेऊन आफ्रिकेहून इंग्लंडला आला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याने शवपेटीला खांदा दिला. शरणपूर, म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. आपण रोज शरणपूर रोडवर ट्रॅफिकला शिव्या घालतो, नावाकडे कोण बघतं?

पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. काका टायपिंग... काका टायपिंग... आणि मग फक्त दोन शब्द :

'आणि इस्तंबूल?'

झालं! माझा एक्का तिथेच पडला.

कारण काकांचं बरोबर होतं. इस्तंबूलच्या आया सोफियाची किल्ली कुणी कुणाला दिली नव्हती. ती घेतली होती. सम्राट जस्टिनियनने ५३७ साली बांधून पूर्ण केलेलं ते चर्च. १४५३ला सुलतान मेहमद दुसरा याने शहर जिंकलं आणि त्याची मशीद केली. जिंकणारे तेव्हा तसंच करत. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या प्रचंड मशिदीचं १२३६ला कॅथीड्रल झालं, तेही जिंकल्यावरच. आपल्याकडेही उदाहरणं काही कमी नाहीत. बोरिवलीचं मंडपेश्वर बघा. सहाव्या शतकाच्या आसपासचं शिवाचं लेणं, आत सुंदर नटराज. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं. १७३९च्या वसई मोहिमेत मराठे आले आणि चर्च गेलं. तिथे कोरलेला क्रॉस आजही दिसतो. दौलताबादच्या किल्ल्यात तर याहून गुंता. जुन्या देवळांचे खांब वापरून १३१८ साली बांधलेली जामा मशीद, आणि १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यातच भारतमातेचं मंदिर. म्हणजे किल्ली हिसकावण्यात कुणाचे हात कोरे नाहीत. पण म्हणून हिसकावणं चांगलं ठरत नाही ना. काकांना मी लिहिलं, 'तिथे तुम्ही म्हणता ते खरं आहे. बघून येतो आणि सांगतो.'

ऑक्टोबरमध्ये असाइनमेंट संपली. परतताना इस्तंबूलला दोन दिवस उतरलो.

आया सोफियाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९३४ साली, अतातुर्कच्या काळात, तुर्कस्तानच्या सरकारने ठरवलं की इथे नमाजही नको आणि ख्रिस्ती प्रार्थनाही नको, हे म्युझियम. पुढल्या वर्षी ते उघडलं आणि पंच्याऐंशी वर्षं तसं चाललं. चुन्याखाली झाकलेली मोझेक चित्रं हळूहळू बाहेर काढली गेली. एकाच छताखाली येशू आणि अल्लाच्या नावाची प्रचंड गोल पाटी, जगभरचे लोक मान वर करून बघत. मग १० जुलै २०२० रोजी तिथल्या कोर्टाने १९३४चा निर्णय रद्द केला, त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि २४ जुलैला नमाज झाला. शहरातलंच कोरा नावाचं दुसरं जुनं चर्च, मोझेकसाठी तेवढंच प्रसिद्ध, तेही म्युझियम होतं. ते मे २०२४ मध्ये मशीद म्हणून उघडलं.

२०२४च्या जानेवारीपासून आया सोफियात टुरिस्टना वेगळं दार आणि २५ युरोचं तिकीट. नमाजाला येणाऱ्यांना खालचा हॉल, फुकट. आपण वरच्या गॅलरीतून बघायचं. मी बघितलं. घुमट बघून शब्द सुचत नाहीत हे खरंच, उगाच प्रयत्न करत नाही. पण समोर, जिथे मांडीवर बाळ घेतलेल्या मेरीचं मोझेक आहे, तिथे पडदे होते. नमाज पढणाऱ्यांसमोर चित्र नको म्हणून. ब्रिक लेनला झाकायला काही नव्हतंच. इथे झाकल्याशिवाय बिऱ्हाड थाटता येत नव्हतं.

खाली गालिचावर लहान मुलं लोळत होती, एक आई बाळाला दूध पाजत होती. त्यांच्यासाठी ती रोजची मशीद होती, त्यात खोटं काही नव्हतं. त्यांचा मला राग आला नाही. पण माझं मत विचाराल तर १९३४चा निर्णय जास्त शहाणा होता. आणि गंमत बघा, म्हणायला इथेही 'चर्चची मशीद', तिथेही 'चर्चची मशीद'. एकाच फॉरवर्डमध्ये दोन्ही बसतात.

दिवाळीला नाशिकला आलो. भाऊबीज झाली, आणि पुढच्या रविवारी काका म्हणाले, 'चल, पांडवलेणी चढू. बघू तरी, लंडनला राहून पाय किती मऊ झालेत.'

काका सत्तरीचे. माझ्या आधी वर पोचले! मी धापा टाकत होतो आणि ते दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून माझी वाट बघत होते. पांडवलेणी लहानपणी शंभरदा बघितली असतील. सहलीला जायचो, डबा खायचा, घरी यायचं. यावेळी मी जरा वाचून गेलो होतो. या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात काय लिहिलंय ते काकांना सांगितलं. त्याने इथल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. (आजही गंगापूरच्या बाजूला गोवर्धन गाव आहेच.) दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा नाणी, चिवरासाठी.

काकांच्या चेहऱ्यावर एकदम प्रेसमधला उजेड आला. ओठ हलायला लागले. 'दोन हजारावर महिना एक टक्का म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा... दोनशे चाळीस!' त्यांनी भिंतीकडे बघितलं. 'अरे, हिशेब जुळतोय!'

'आणि काका, हे सगळं निगमसभेत जाहीर करून नोंदवून ठेवलंय असंही त्यात लिहिलंय.'

'मग! नोंद नको?' काका म्हणाले, जणू उषवदात त्यांच्याच सेक्शनला होता.

पुढे ते भिक्षू गेले. कोणत्या दिवशी, कुणी शेवटचा दिवा विझवला, कोण जाणे. चोवीस लेणी रिकामी राहिली. अकराव्या लेण्यात नंतर जैन मूर्ती आल्या. आणि मग पंचक्रोशीतल्या लोकांनी हे एवढं कुणी कोरलं असेल या प्रश्नाचं आपल्या परीने उत्तर दिलं : पांडवांनी! नाव चिकटलं ते आजतागायत. मूळचं नाव त्रिरश्मी. आता पायथ्याशी बुद्धविहार आहे, वर वंदनेला लोक येतात. त्या दिवशीही पांढऱ्या साड्यांतल्या पाच-सहा बायका अठराव्या लेण्यातल्या स्तूपासमोर हात जोडून उभ्या होत्या. इथे किल्ली कुणी दिली नाही, कुणी हिसकावली नाही. दार नुसतंच उघडं राहिलं.

उतरताना काका एका पायरीवर बसले. दम लागला म्हणाले, पण लागला नव्हता.

'वाड्याचं खरेदीखत झालं, त्यावर माझी सही आहे,' ते म्हणाले. '२००९. तुझे बाबा बंगलोरला, आत्या अमेरिकेत. छप्पर गळत होतं, महापालिकेची नोटीस आलेली. भाव चांगला मिळाला. कुणी हाकललं नाही आपल्याला.'

मी गप्प बसलो.

'देवघर होतं ना, तिथे आता मोबाइल रिपेअरिंगचं काउंटर आहे. पोरगा चांगला आहे तो. माझा फोन त्यानेच नीट करून दिला, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, तुमचंच घर आहे काका.' काका खाली हायवेवरच्या गाड्यांकडे बघत होते. 'त्यानंतर मी त्या बोळातून गेलेलो नाही. रविवार कारंजावरून वळसा घालून जातो.'

मला गोल्डर्स ग्रीनला गेलेले ते म्हातारे ज्यू आठवले. स्पिटलफील्ड्सला उतरून, एकदा तरी, त्या कोपऱ्यावर उभे राहिले असतील का? का तेही वळसा घालून जात असतील? काकांना हे विचारलं नाही. खाली पाथर्डी फाट्यावर मिसळ खाल्ली. काकांनी तर्री दोनदा घेतली, काकूला सांगू नकोस म्हणाले.

ते फॉरवर्डचं काय झालं, असं विचाराल. काकांनी ते डिलीट वगैरे केलं नाही. माफी तर सोडाच. पण सोमवारी सकाळी सातला ग्रुपवर त्यांचा फोटो आला. थरथरत्या हाताने काढलेला, निम्मा अंगठा आलेला, दहाव्या लेण्याच्या भिंतीचा. खाली स्वतः टाइप केलेला हिशेब : २००० × १% × १२ = २४०. २४० ÷ २० = १२. बरोबर.

सात मिनिटांनी अमेरिकेहून आत्याचा मेसेज आला. 'वर्षाला बारा टक्के?? कुठली बँक?'